शस्त्रक्रिया, सुई आणि नळ्यांमधून होणारा जंतुसंसर्ग कसा टाळावा, कसा ओळखावा

पित्ताशयातील खडे काढण्यासाठी किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेलेल्या माणसाला तिथेच दुसरे दुखणे जडू शकते, हे आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही, कारण तसे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कातडीवरचा छेद, शिरेत टोचलेली सुई आणि मूत्राशयात घातलेली नळी या तिन्ही जंतूंसाठी उघड्या वाटा असतात, आणि त्या गरजेपेक्षा एक दिवसही जास्त उघड्या राहू नयेत यावर उशाशी बसलेला नातेवाईकसुद्धा लक्ष ठेवू शकतो. दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर सुरू झालेला संसर्ग सर्वसाधारणपणे रुग्णालयातून आलेला मानतात. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी ही मुदत ३० दिवसांची असते, आणि कृत्रिम सांधा किंवा तत्सम काही शरीरात बसवले असेल तर ९० दिवसांपर्यंतची धरतात.

दाखल होण्यापूर्वी

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की मधुमेह असलेल्यांनी साखर आटोक्यात आणण्याला पहिले स्थान द्यावे, कारण वाढलेल्या साखरेत जखम भरत नाही आणि जंतूंना मात्र फावते. धूम्रपान निदान चार आठवडे आधी थांबवावे. अंगावर कुठे गळू असेल, दाढ ठणकत असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर ते क्षुल्लक समजून दडवू नये, कारण त्यासाठी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करावी, परंतु शस्त्रक्रियेच्या जागेवर घरी वस्तरा फिरवू नये. वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू घर करतात. केस काढणे खरोखरच आवश्यक असेल तर ते रुग्णालयात, क्लिपरने कापून घ्यावेत. छेद देण्यापूर्वी दिले जाणारे प्रतिजैविक दिले का, हेही नम्रपणे विचारता येते.

सुई आणि सिरिंज

परळची जी संस्था आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते, तिथे तयार झालेली प्लेगची लस १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावात टोचण्यात आली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि ती लस तयार करणारे शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांना निलंबित व्हावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब पुढे आली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. चिमटा पडला आणि तो तसाच उचलला गेला, एवढ्या क्षणाची ती किंमत होती, म्हणून ही हकीकत मला आजही महत्त्वाची वाटते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २००९ मध्ये, गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्यामुळे हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची साथ पसरली.

इंजेक्शन घेताना सुई आणि सिरिंज दोन्हींचे वेष्टन आपल्यासमोर फोडले जात आहे ना, हे पाहावे. नुसती सुई बदलून सिरिंज तीच ठेवणे पुरेसे नाही, कारण रक्ताचा अंश सिरिंजमध्येही शिरतो. एका बाटलीतले औषध अनेकांना दिले जात असेल तर तिच्यात प्रत्येक वेळी नवीच सुई आणि नवीच सिरिंज जायला हवी. हाच नियम घरालाही लागू आहे: साखर तपासण्याची टोचणी आणि इन्सुलिनचे पेन पती-पत्नीनेसुद्धा एकमेकांचे वापरू नये.

नळ्यांची वही

सलाईनसाठी हातावर सुई लावली, लघवीची नळी घातली, मानेतून मोठी नळी टाकली, की तारीख आणि वेळ एका छोट्या वहीत लिहून ठेवावी. डॉक्टर राउंडला आले की दररोज एकच प्रश्न विचारावा: "डॉक्टर, ही नळी आजही लागणार आहे का?" गर्दीच्या वॉर्डात, जिथे एका सिस्टरकडे अनेक खाटा असतात, तिथे हा प्रश्न कामात अडथळा ठरत नाही, उलट त्याची मदतच होते. लघवीच्या नळीतून होणाऱ्या संसर्गाचा धोका प्रत्येक दिवसागणिक वाढत जातो, आणि ती लवकर काढणे हाच त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

नळी असेपर्यंत तिची पिशवी कमरेच्या खालच्या पातळीवर लटकलेली असावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. रुग्णाला एक्स-रेसाठी नेताना स्ट्रेचरवर त्याच्या पोटावर पिशवी ठेवण्याची सवय सर्रास दिसते. तसे केल्याने साचलेली लघवी उलट मूत्राशयात जाऊ शकते, म्हणून वॉर्डातल्या मामांना किंवा मावशींना तिथल्या तिथे सांगावे. हातावरच्या सुईभोवती लाली, सूज, दुखणे किंवा शिरेवर ताठर दोरीसारखी रेघ जाणवली, तर सलाईन संपण्याची वाट न पाहता सिस्टरला बोलवावे. ड्रेसिंग ओले झाले किंवा सुटले असेल तर ते बदलून मागावे.

हात

रुग्णाला स्पर्श करण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करणे हा नियम डॉक्टरांना जितका लागू आहे तितकाच आपल्यालाही आहे. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद आणि हात कोरडे स्वच्छ दिसत असतील तर सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद चोळावे. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नाही. भेटीच्या वेळेत आलेल्या चार-पाच जणांनी खाटेवर बसू नये, आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवरच विचारपूस करावी.

घरी आल्यावर जखम कशी पाहावी

रोज ठरावीक वेळी, दिवसाच्या उजेडात, हात धुऊन जखम पाहावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस टाक्यांलगत थोडी लाली, थोडी सूज आणि क्वचित पातळ गुलाबी पाणी दिसणे स्वाभाविक असते. खरी खूण दिशेची आहे: दुखणे दिवसेंदिवस कमी होते आहे की वाढते आहे? कमी झालेले दुखणे चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पुन्हा वाढले, लाली पसरली, जागा गरम लागली, पू किंवा दुर्गंधी आली, टाके उसवले किंवा ताप आला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नये. पहिल्या दोन दिवसांतच जखमेच्या मानाने असह्य वेदना आणि झपाट्याने काळवंडणारी कातडी दिसली तर ती तातडीची स्थिती असते. जखमेवर हळद, तेल किंवा राख लावू नये. पावसाळ्यात लोकलमधून भिजत आल्यावर ओले ड्रेसिंग तसेच अंगावर वाळू देणे हीदेखील मोठी चूक ठरते.

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेबाबत मात्र आणखी सावध राहावे लागते. माझ्या आईचे पित्ताशय काढल्यानंतर जखम छान भरली होती. पाचव्या आठवड्यात बेंबीजवळच्या छिद्राखाली वाटाण्याएवढी गाठ लागली, ती दुखत नव्हती, तापही नव्हता, फक्त साडीच्या निऱ्यांवर रोज पाण्यासारखा एक डाग पडे. नेहमीच्या प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले तरी तो डाग थांबला नाही. अखेर पू तपासल्यावर मायकोबॅक्टेरियाचा, म्हणजे क्षयाचे जंतू ज्या गटातले त्या गटातला, एक वेगळा प्रकार सापडला. हे जंतू नळाच्या पाण्यात असतात. दुर्बिणीची उपकरणे अपुरी निर्जंतुक केली गेली किंवा साध्या पाण्याने धुतली गेली, तर ते पोटाच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि कित्येक आठवड्यांनी डोके वर काढतात. आईला औषधे काही महिने घ्यावी लागली. म्हणून उशिरा आलेली गाठ किंवा पुन्हा पुन्हा पाझरणारे छिद्र दिसले तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी पुवाचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, करावे आणि त्यात मायकोबॅक्टेरियाचीही तपासणी व्हावी, अशी विनंती करावी.

दुसरीकडे दाखवायचे झाल्यास कागद लागतात. उपचारांच्या नोंदी लेखी मागितल्यास त्या ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शस्त्रक्रियेची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घ्याव्यात.

जेव्हा थांबायचे नाही

थंडी वाजून ताप, जोरात चाललेला श्वास, असंबद्ध बोलणे किंवा ग्लानी, गार पडलेले हातपाय, दिवसभरात अगदी थोडी लघवी, यांपैकी काहीही दिसले तर संसर्ग रक्तात पसरला असण्याची शक्यता असते आणि तासातासाने फरक पडतो. वृद्धांमध्ये ताप येईलच असे नाही. नेहमी ओळखणारी आजी अचानक नातवाला ओळखेनाशी झाली, तर तेही लक्षण धरावे. अशा वेळी सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, आणि आलेल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात शस्त्रक्रियेची किंवा नळी घातल्याची तारीख सांगून वही त्यांच्या हातात द्यावी.