तोंडाच्या कॅन्सरचं भाकीत-मॉडेल वापरण्याआधी कसं तपासायचं

रुग्णाचा मृत्यूचा किंवा आजार उलटण्याचा धोका आकड्यात सांगणारं मॉडेल हातात आलं की सगळे आधी सी-इंडेक्स (जास्त आणि कमी धोक्याचे रुग्ण मॉडेल किती बरोबर क्रमाने लावतं त्याचा आकडा) बघतात. तो शेवटी बघा. आधी विचारा, हे भाकीत कोणत्या दिवशी करायचं आहे? शस्त्रक्रियेआधीच्या मॉडेलमध्ये पॅथॉलॉजी रिपोर्टातली ट्यूमरची खोली किंवा मानेतल्या लसीका गाठीच्या वेष्टणाबाहेरचा फैलाव घेतला असेल, तर ते तिथेच बाद. त्या दिवशी हा रिपोर्ट आलेलाच नसतो.

मग डेटा कुठला ते बघा. पाश्चात्त्य नोंदींत जिभेचे रुग्ण जास्त, आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे गाल-हिरडीचे. शिवाय एजेसीसी (कॅन्सरचे टप्पे ठरवणारी अमेरिकी समिती) हिच्या नियमांच्या २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत खोली धरतात, त्यामुळे जुना टी१ (ट्यूमरची सगळ्यात लहान पायरी) आणि आजचा टी१ एक नव्हे.

आता आपल्या रुग्णांवर चाचणी. रुग्ण नव्हे, घटना मोजा: किमान १०० मृत्यू, किंवा आजार उलटल्याच्या १०० नोंदी. चाचणीत मॉडेलचे गुणांक (प्रत्येक घटकाला दिलेलं वजन) बदलायचे नाहीत. फॉलोअपला येणं थांबलेल्यांना फोन करून स्थिती भरा. गैरहजर सगळे ठणठणीत असतील असं धरलं की निकाल उगाच गोड दिसतो. आजार उलटण्याचं भाकीत असेल तर इतर कारणांनी झालेले मृत्यू स्पर्धक घटना म्हणून वेगळे मोजा. कॅप्लान-मायर या नेहमीच्या पद्धतीत ते नुसते सेन्सॉर केले, म्हणजे ‘पुढची माहिती नाही’ असं धरून सोडले, तर धोका फुगतो.

कॅलिब्रेशनचा आलेख, म्हणजे मॉडेलने सांगितलेला धोका विरुद्ध प्रत्यक्ष दिसलेला धोका, काढाच; बहुतेक मॉडेलं इथेच घसरतात. त्याचा उतार १ पेक्षा बराच कमी आला तर मॉडेल मूळ डेटाला चिकटलेलं आहे: जास्त धोका वाढवून सांगतं, कमी धोका आणखी कमी. उतार ठीक, पण रेघ सगळीकडे वर किंवा खाली सरकलेली असेल, तर फक्त मूळ धोका नव्याने बसवून भागतं.

शेवटी उपयोग. समजा मानेतल्या लपलेल्या (कॅन्सर पोचलेल्या, पण तपासणीत न दिसणाऱ्या) गाठींसाठी २०% धोक्यापुढे नेक डिसेक्शन (मानेतल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया) करायचं, म्हणजे एक चुकलेली गाठ चार अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तोडीची मानायची. आता २०० रुग्णांत ५० जणांना अशा गाठी आहेत. मॉडेलने ४० बरोबर पकडले आणि ६० जणांना गाठ नसताना ‘आहे’ म्हटलं. निव्वळ लाभ (एकास चार म्हणून ०.२५): ४०/२०० − (६०/२०० × ०.२५) = ०.१२५. सगळ्यांचीच शस्त्रक्रिया केली असती तर ०.०६२५. हाच हिशेब १० ते ३० टक्क्यांच्या प्रत्येक उंबरठ्यावर करा. जिथे मॉडेलचा लाभ ‘सगळ्यांची शस्त्रक्रिया’ किंवा ‘कुणाचीच नाही’ (लाभ शून्य) यांच्या खाली जातो, तिथे ते वापरू नका.