व्हिटबीला जाण्याआधी: आईबाबांना घेऊन एका दिवसाची तयारी

नकाशात इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं व्हिटबी एवढंसं दिसतं, म्हणून अर्ध्या दिवसात होईल असं वाटतं. होत नाही. एस्क नदीच्या दोन्ही तीरांवर गाव दोन कड्यांवर चढलेलं आहे आणि जुन्या गावाला जोडणारा फिरता पूल होड्यांसाठी बाजूला फिरतो. म्हणून तारीख ठरली की आधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. काही तक्त्यांत वेळ ग्रिनिचची असते, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तास, तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला पूल उघडू शकतो. बस गाठायची असेल तर त्या वेळेला पलीकडच्या तीरावर अडकू नका.

पोचायचं कसं, हे आधी ठरवा. मिडल्सबरोहून येणारी एस्क खोऱ्यातली रेल्वे दीड तास घेते. वाट फार देखणी, पण दिवसाला मोजक्याच गाड्या. लीड्स-यॉर्ककडून कोस्टलायनरची ८४० क्रमांकाची बस पिकरिंगमार्गे मूरमधून, म्हणजे उघड्या माळरानातून येते, मात्र तिची प्रत्येक फेरी व्हिटबीपर्यंत जात नाही, तेव्हा परतीची शेवटची गाडी लिहून घ्या. वसंतात आणि शरदात इथे काळ्या वेशातल्या गॉथ मंडळींचे मेळावे भरतात. पाहायला मौज, पण राहायला खोली मिळत नाही.

कपड्यांत छत्री नको, उत्तर समुद्राचा वारा ती उलटी करतो. टोपीचा पावसाळी कोट, आत एक स्वेटर, आणि रबरी तळाचे पकड असलेले बूट. हे जुलैतही. ऊन पडलेलं असताना समुद्रावरून थंड धुकं येऊन पंधरा मिनिटांत कडा दिसेनासा होऊ शकतो.

आता क्रम. व्हिटबीचा जुना पडका मठ आणि सेंट मेरी चर्च पूर्वेच्या कड्यावर, खालून वर १९९ पायऱ्या. बहुतेक लोक खालून सुरुवात करतात आणि वर पोचेपर्यंत दमतात. आईबाबा सोबत असतील तर गाडीने किंवा टॅक्सीने मठापाशी जा (पार्किंगचे पैसे वेगळे लागतात), वरचं आधी पाहा आणि मग पायऱ्या उतरा. गुडघे दुखत असतील तर हा सल्ला उलटतो, कारण गुडघ्याला उतरणंच जास्त जड जातं. अशांनी टॅक्सीनेच खाली यावं. पायऱ्यांना कठडा आहे आणि मधेमधे बाकं आहेत. शवपेटी वर चर्चकडे नेताना ती टेकवायलाही अशा जागा लागत. शेजारची गोट्यांची वाट सोपी वाटते, पण ती जास्त उभी आहे आणि ओली झाली की निसरडी होते.

मठाचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, थंडीत तो रोज उघडा नसतो. छप्पर नाही, म्हणून पावसात आडोसा नाही. जाण्याआधी थोडं वाचून जाल तर नुसत्या कमानी उरणार नाहीत. ६५७ मध्ये हिल्डा या ख्रिस्ती संन्यासिनीने इथे मठ स्थापला. स्त्री-पुरुष दोघेही तिच्या अधिकाराखाली राहत. ६६४ च्या इथल्या धर्मसभेत ईस्टरची तारीख रोमच्या पद्धतीने मोजायची असं ठरलं. आज दिसतात त्या भिंती मात्र १३ व्या शतकापासूनच्या. १५३९ मध्ये मठ बंद झाला, मधला मनोरा १८३० मध्ये कोसळला आणि डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांच्या तोफांनी पश्चिमेची बाजू फोडली.

सेंट मेरी चर्च चुकवू नका. मठाइतकंच मोलाचं आहे, आणि मठाहून कमी लोक आत शिरतात. दारं असलेले लाकडी बाकांचे कप्पे, तीन मजली व्यासपीठ, आणि त्याला लावलेले, पाद्रीसाहेबांच्या बहिऱ्या पत्नीला प्रवचन ऐकू यावं म्हणूनचे कर्णे. आत अंधुक असतं, डोळे सरावू द्या.

खाली चर्च स्ट्रीटवर जेटचे दागिने मिळतात. जेट म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाकडाचा काळा जीवाश्म. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा पती राजपुत्र आल्बर्ट वारला, राणीने सुतकी वेश धरला आणि या धंद्याला भर आला. खरा जेट हातात हलका आणि कोमट लागतो. काच थंड आणि जड असते. बिनचकाकीच्या चिनीमातीवर घासला तर तपकिरी रेघ उठते, पण ती परीक्षा दुकानदारालाच करायला सांगा.

ग्रेप लेनमधलं कुक संग्रहालय थंडीत बंद असतं. १७४६ मध्ये उमेदवारीला आलेला जेम्स कुक (पुढचा प्रसिद्ध दर्यावर्दी) मालकाच्या याच घरी राहत असे. माळ्यापर्यंतचे जिने अरुंद आहेत. पॅनेट पार्कच्या संग्रहालयात प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे आहेत, आणि वादळाची सूचना देणारं १२ जळवांच्या यंत्राची प्रतिकृती; मूळ यंत्र १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं होतं. सोमवारी जाऊ नका.

जेवणाचं नीट ऐका. यॉर्कशरमध्ये मासा आणि चिप्स बरेचदा गोमांसाच्या चरबीत तळतात, म्हणून बटाट्याच्या चिप्सही शाकाहारी असतीलच असं नाही. ऑर्डर देण्याआधी "बीफ ड्रिपिंग की तेल?" एवढं विचारा. धक्क्यावर उघड्यावर खाताना सीगल हातातला घास पळवतात, तेव्हा भिंतीला पाठ लावून बसा.

जीवाश्म शोधायचे असतील तर ओहोटी सुरू असतानाच किनाऱ्यावर उतरा, पाणी पुन्हा चढू लागायच्या आत परता. पूर्वेच्या कड्याखाली पाणी थेट दगडाला भिडतं आणि वर चढायला वाट नाही. कड्याला हातोडा लावू नका, तो ढासळता आहे. सुटे पडलेले गोटे तेवढे पाहा.