एन्झाइमचा चॅप्टर, सेवउसळ आणि माझी फजिती

बायोकेमला नुकतीच ॲडमिशन घेतलेल्या बडोद्यातल्या पोरांसाठी लिहितोय, कारण मी फर्स्ट इयरला एन्झाइम कायनेटिक्स (म्हणजे शरीरातल्या रिॲक्शन जोरात पळवणाऱ्या एन्झाइमच्या वेगाचं गणित) चक्क पाठ केलं होतं आणि व्हायवात मॅडमनी एवढंच विचारलं की केएम नावाचा आकडा वाढला म्हणजे एन्झाइमची सबस्ट्रेटवरची (ज्या पदार्थावर ते काम करतं त्यावरची) पकड वाढली की सुटली, मी छातीठोकपणे म्हटलं वाढली. झालं, उत्तर होतं सुटली, बसलो घरी तोंड पाडून.

डोक्यात प्रकाश पडला तो दांडिया बाजारातून निघून सेवउसळ खायला गेलो तेव्हा. बाकडं म्हणजे ॲक्टिव्ह साइट, एन्झाइमवरची सबस्ट्रेट बसायची जागा, गिऱ्हाईक म्हणजे सबस्ट्रेट. बाकडं सतत भरलेलं असलं की त्याहून जास्त माणसं काही जेवून उठणार नाहीत, हा व्हीमॅक्स म्हणजे कमाल वेग, आणि त्याच्या निम्मा वेग यायला जेवढी गर्दी लागते तो केएम. आता आमच्यासारखे चार टवाळ काही न मागवता बसले तर ते कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर, म्हणजे त्याच जागेसाठी भांडून काम अडवणारे, गर्दी खूप वाढली की त्यांना कुणी बसू देत नाही, म्हणून व्हीमॅक्स तोच, केएम मात्र वाढतो. आणि काकांनी गॅसच बारीक केला तर कितीही गर्दी करा, व्हीमॅक्स पडला, हे नॉनकॉम्पिटिटिव्ह. मिकाएलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मधे हे गणित साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर मांडलं, सेवउसळ त्यांच्या नशिबी नव्हती.

एक चूक सगळेच करतात, एन्झाइममुळे इक्विलिब्रियम (रिॲक्शनचा शेवटचा समतोल) सरकतं असं म्हणतात. खरं तर एन्झाइम फक्त ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रिॲक्शन सुरू व्हायला लागणारी ऊर्जा, कमी करतं, इक्विलिब्रियम जिथल्या तिथे.

रेग्युलेशनमधे (एन्झाइमला लगाम कसा लागतो त्या भागात) मी दोन दिवस अडकलो ते ग्लायकोलिसिसमधल्या, म्हणजे ग्लुकोज फोडून ऊर्जा काढण्याच्या वाटेवरच्या, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइमपाशी, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) त्याचा सबस्ट्रेट आणि तोच ब्रेक, हे कसं काय? तर एटीपी ॲक्टिव्ह साइट सोडून दुसऱ्याच जागी, ॲलोस्टेरिक साइटवर पण बसतो, म्हणजे पेशीत एटीपी भरपूर असला की ग्लायकोलिसिस मंद, आणि एएमपी (एटीपी खर्च झाल्याची खूण) वाढला की ब्रेक सुटतो.

घरी एक करून बघाच, कॉर्नफ्लोअरच्या पातळ पेजेत थुंकी घाला, थोड्या थोड्या वेळाने थेंब काढून आयोडिन टाका, थुंकीतलं अमायलेज एन्झाइम स्टार्च फोडतं म्हणून निळा रंग येईनासा होतो, उकळलेल्या थुंकीने तसं होत नाही. पीएचचा (आंबटपणाचा) परिणाम बघायला मात्र लिंबू पिळू नका, मी पिळलं, रंग लगेच उडाला आणि मी खुश की आंबटात अमायलेज काय धावतंय, तो सगळा व्हिटॅमिन सीचा प्रताप होता, ते आयोडिनच खाऊन टाकतं. व्हिनेगर घ्या.