पाणी उतरलं म्हणून लगेच झाडू घेऊ नका

आमचं गाव दूधगंगेच्या काठी, कर्नाटकातल्या निपाणीच्या बाजूला. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आमच्याकडं सोन्याच्या भावासारखी विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आकडा पंचगंगेचा, आमच्या नदीत पाणी येतं ते काळम्मावाडी धरणातून, पण वरचा पाऊस एकच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, तेव्हा मदतीचे ट्रकही अडकले. पूर येताना काय करायचं ते सगळे सांगतात. मी सांगते ते पाणी उतरल्यावरचं.

घरात शिरायची घाई करू नका. आमच्याकडं अजून बरीच घरं पांढऱ्या मातीची, कच्च्या विटांची. अशी भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडलं की बसते. आमच्या सोप्याची भिंत तिसऱ्या दिवशी दुपारी गेली, आम्ही परड्यात चहा पीत होतो. म्हणून आधी बाहेरून फिरून बघा. भिंतीचं पोट फुगलंय का, छपराचं आडं सरकलंय का, कौलांची ओळ वाकलीय का. यातलं एक जरी दिसलं तरी मुलांना नि म्हाताऱ्यांना काळजी केंद्रातच, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीतच ठेवा. (कन्नड बोर्डावरचा हा एकच शब्द आमच्या सासूबाईंना कुणाला न विचारता कळला.) मेन स्विच वायरमन बघून जाईपर्यंत बंद. सरपणात आणि गादीखाली हात घालू नका, काठी घाला, साप तिथंच बसलेला असतो.

आता झाडूचं. आपल्याला चिखल बघवत नाही. शेजारच्या अण्णांनी दोन दिवसांत पडकी भिंत उचलली, कौलं रचून ठेवली, अंगण सारवलं. सर्व्हेवाला आला तेव्हा त्याला नीटनेटकं अंगण दिसलं, आणि कागदावर ‘अंशतः’ लागलं. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख आणि तातडीचे १० हजार जाहीर झाले होते. नुकसानीचे ए, बी, सी असे गट पाडले होते. एका अक्षराचा फरक लाखांत जातो. अण्णा पुढं वर्षभर कचेरीच्या पायऱ्या चढले.

तेव्हा आधी फोटो. चारी कोपऱ्यांतून, घरमालक उभा करून, दारावरचा घर नंबर दिसेल असा. एका फोटोत शेजारचं घर येऊ द्या, म्हणजे जागा कुठली यावर वाद नको. भिजलेलं धान्य, कपाट, शिलाई मशीन फेकण्याआधी फोटो. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्याचा दाखला झाल्याशिवाय पुरू नका, दुर्गंधी सुटायच्या आत त्याला बोलवा. सगळे फोटो लेकीच्या, जावयाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा.

पंचनाम्याला गाव प्रशासन अधिकारी (आधी त्याला गाव लेखाधिकारी म्हणायचे, म्हणजे तलाठीच), पंचायतीचा पीडीओ म्हणजे विकास अधिकारी, इंजिनिअर येतात. त्या दिवशी घरी थांबा, मजुरी बुडली तरी. सहीआधी वाचून घ्या, गट कुठला लिहिला ते विचारा. कागद कन्नडमध्ये असतो. मराठीत का नाही हा वाद आपण वर्षभर घालतोच, त्या दिवशी नको. कन्नड शाळेत शिकलेली एखादी पोरगी शेजारी बसवा. घर उतारा, आधार आणि पासबुक यांवरची नावं जुळवून बघा. एकीकडं ‘आप्पासो’ आणि दुसरीकडं ‘आप्पासाहेब’ असं असलं की पैसे अडकतात. आमचं घर तर सासऱ्यांच्याच नावावर राहिलं होतं. ते जाऊन आठ वर्षं झालेली, वारसा कुणी लावलाच नव्हता. हे काम पुरात होत नाही, उन्हाळ्यात उरकायचं. शेताचं नुकसान वेगळं मोजतात, ३३ टक्क्यांच्या खाली गेलं तर मदत बसत नाही. उसाचा शेंडा पाण्याखाली किती दिवस होता ते तारखेनिशी लिहून ठेवा.

पाण्याकडं मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. आडात पुराचं पाणी गेलं असेल तर गाळासकट उपसून काढा, झऱ्याचं पाणी भरू द्या. मग हिशेब. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, सगळं मीटरमध्ये. येईल त्याला हजारानं गुणलं की लिटर. आमचा आड ३ मीटर रुंद, पाणी ४ मीटर, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर धरली तर ७० ग्रॅम. हा रोजच्या वापरातला डोस. पुरानंतरचा पहिला जास्त लागतो, तो आरोग्य केंद्रातून विचारून घ्या. पावडर थेट आडात टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी सोडा आणि तासभर आड वापरू नका. उघड्या पिशवीतल्या जुन्या पावडरीला वास येत नसेल तर ती फुकट. तरी प्यायचं पाणी उकळूनच.

मदतीला येणाऱ्यांना एक विनंती, जुने कपडे आणू नका. शाळेच्या व्हरांड्यात त्यांचा ढीग लागला आणि शेवटी जनावरांखाली अंथरावा लागला. खराटे, फावडी, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, वाळली वैरण आणा. ओली, बुरशीची कडब्याची पेंढी जनावरांना घालू नका, मग ती कुणी कितीही प्रेमानं दिलेली असो.

आणि चुना लावण्याआधी एक काम. भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली असते, तिच्यावर खिळा ठोका. पेन्सिलची खूण चुन्याखाली जाते. नवीन घराचं जोतं किती उचलायचं हे विचारायला गवंडी आला, तेव्हा आमच्या घरच्यांनी त्याला तो खिळाच दाखवला. तो म्हणाला, ‘एवढं उंच? पायऱ्याच सात होतील.’ सात तर सात म्हटलं.