जनमत चाचणी कशी घ्यावी : यादीतला माणूस आणि दारातला माणूस

चारशे जणांना विचारून सगळ्या जिल्ह्याचा कौल कसा कळणार, अशी शंका घेणारे मला जळगावात भेटतात तसे नंदुरबारातही भेटतात. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० जणांत चूक साधारण ५ टक्के इकडे किंवा तिकडे असते, १,००० जणांत ती ३ टक्क्यांवर येते, आणि थोड्याच गावांत गठ्ठ्याने विचारले तर काहीशी वाढते. तेव्हा संख्येची काळजी करू नये. अमेरिकेत १९३६ साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे २० लाखांहून अधिक उत्तरे आली होती आणि तरीही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार हे त्याचे भाकीत साफ खोटे ठरले, कारण नावे मोटारमालक व टेलिफोनधारकांच्या याद्यांतून उचललेली होती आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही एका बाजूला झुकलेलेच होते. आपल्याकडे ही मोटारमालकांची यादी गावच्या पारावर आयती बसलेली असते.

प्रथम क्षेत्र ठरवावे. लोकसभेचा अंदाज हवा असेल तर जिल्ह्याची हद्द उपयोगाची नाही. धुळे मतदारसंघात मालेगाव आणि बागलाण येतात, रावेरमध्ये बुलढाण्याचे मलकापूर येते. त्यानंतर सर्व मतदान केंद्रांची यादी घेऊन ठरावीक अंतराने २५ केंद्रे काढावीत आणि प्रत्येक केंद्रावर १६ मुलाखतींचे लक्ष्य ठेवावे.

केंद्राच्या मतदारयादीत १,१०० नावे असतील आणि २५ काढायची असतील, तर अंतर ४४ येते. १ ते ४४ मधून एक चिठ्ठी उचलावी, १७ आली तर १७, ६१, १०५ असे पुढे जात राहावे. इथवर सारे सोपे आहे. खरी परीक्षा यादी घेऊन गावात उतरल्यावर सुरू होते.

माझी पहिली चाचणी अमळनेर तालुक्यातली होती. यादीतल्या तिसऱ्याच दारावर एक म्हातारी म्हणाली, "आंडोर सुरतले शे," म्हणजे मुलगा सुरतेला आहे. पुढच्या घरी कुलूप होते, कारण कपाशीची वेचणी चालू होती. त्यापुढचे नाव लग्न होऊन शिरपूरला गेलेल्या मुलीचे निघाले. ऊन चढले होते, म्हणून मी शेजारच्या ओट्यावर बसलेल्या गृहस्थांना विचारले, मग त्यांच्या मित्राला, आणि दुपारपर्यंत माझे सगळे फॉर्म भरून झाले. घरी येऊन मोजले, तर बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, शेतमजूर जवळपास नव्हतेच आणि राजकारणावर न विचारता बोलणारे मात्र झाडून सगळे आले होते. निकाल लागला तेव्हा माझा अंदाज पार आपटला, आणि तो आपटायलाच हवा होता.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे : यादीतला माणूस बदलायचा नाही. "शेजारी चालेल, वय सारखे असले म्हणजे झाले" असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. तो मुळीच ऐकू नये, कारण दुपारी घरी सापडणारा आणि न सापडणारा यांची मते सारखी असतात याचा काही भरवसा नाही. एका माणसाकडे तीन फेऱ्या माराव्यात, त्यांतली एक सकाळी सातच्या आत आणि एक दिवे लागल्यानंतर. सोळा मुलाखतींसाठी नावे आधीच चोवीस-पंचवीस काढावीत, पण सोळा भरल्या म्हणून थांबू नये. सगळ्या नावांपर्यंत जावे, नाहीतर सहज सापडणारेच पुन्हा हाती लागतात. मयत, स्थलांतरित, सासरी गेलेली, नकार दिलेला, अशी प्रत्येकाची नोंद वेगळी करावी. सुरतेला गेलेला मतदानाला गावी येणार आहे का, हे घरच्यांना विचारून टिपून ठेवावे. बसगाड्या भरून माणसे येतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

मताबरोबर घरखर्चाचीही पाहणी करायची असेल, तर यादीवरून घर मिळते, पण घरात बोलायचे कोणाशी हा प्रश्न उरतो. ज्याचा वाढदिवस नुकताच झाला त्याला विचारावे, अशी एक युक्ती पुस्तकांत सांगतात. आपल्या गावांत ती चालवून पाहावी! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून ही तारीख पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या आधार कार्डावर आहे, आणि जून-जुलैत फिरलात तर प्रत्येक घरी आजोबाच निवडले जातील. त्यापेक्षा घरातले प्रौढ वयाच्या क्रमाने लिहून आधीच तयार केलेल्या तक्त्यावरून एक निवडावा. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेली ही पद्धत जुनी असली तरी तिला मास्तरांच्या तारखेची बाधा होत नाही.

बाईंचे नाव निघाले की "माले काय समजस, त्यास्ले इचारा" हे उत्तर ठरलेले असते. त्यासाठी प्रश्न विचारणारी बाईच असावी, तीही त्याच भागातली. अहिराणी अमळनेरला चालते, यावल-रावेरकडे लेवा बोली लागते, धडगावच्या डोंगरात पावरी लागते. पक्षाचे मत तोंडी विचारू नये. चिन्हे छापलेली नमुना मतपत्रिका हाती द्यावी, खूण करून घडी घालून पेटीत टाकायला सांगावे, आणि नवरा डोकावत असेल तर त्याच्याकडे पाणी मागावे.

मताचा प्रश्न महागाईच्या प्रश्नांच्या आधी घ्यावा. तेल, खत आणि कापसाचा भाव यांवर दहा मिनिटे बोललेला माणूस त्याच रागात शिक्का मारतो, आणि मग आपण त्याचे मत मोजतो की आपल्याच प्रश्नांचा परिणाम, हे सांगता येत नाही.

घरखर्च किती दिवसांचा विचारायचा, तो काळ वस्तूप्रमाणे बदलावा. सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातही ७, ३० आणि ३६५ दिवस असे तीन काळ वापरले आहेत. भाजी व तेल आठवड्याचे विचारावे, कपडे आणि भांडी वर्षाची. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवणाऱ्या घरात "महिन्यात गहू किती घेतला" असे विचारले तर उत्तर शून्य येते; म्हणून "किती घेतला" ऐवजी "किती लागला" असे विचारावे. मसाला, पापड आणि बिबड्यांचा खर्च वर्षाचा घेऊन बाराने भागावा.

फॉर्म त्याच रात्री तपासावेत. बायका-पुरुषांचे प्रमाण मतदारयादीशी ताडून पाहावे आणि कमी पडलेल्या गटाला गणितात तेवढे वजन द्यावे.

निष्कर्ष छापताना मुलाखतींची संख्या, तारखा, प्रश्नाचे नेमके शब्द आणि न भेटलेल्यांचा आकडा द्यावा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निष्कर्ष दूरचित्रवाणी वा तत्सम साधनांवर दाखवता येत नाहीत, आणि कलम १२६अ प्रमाणे एक्झिट पोल तर शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत कुठेच प्रसिद्ध करता येत नाही. गावच्या व्हॉट्सॲप गटावरही तो टाकू नये.