व्होल्टेज खालून वर चढवा

ई-सिगारेटचं व्होल्टेज जरासं वाढवलं तर वाफही जराशीच वाढेल असं वाटतं, पण इथे हिशेब वर्गाचा आहे. वॉट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले कॉइलचा (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रोध. १.८ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्टवर साधारण ७.६ वॉट मिळतात, ४.२ वर ९.८. वाढ फक्त अर्ध्या व्होल्टची, पण उष्णता सव्वापटीहून जास्त. म्हणून नवी कॉइल बसवली की आधी तिच्यावर छापलेली वॉटची मर्यादा बघा आणि खालच्या टोकापासून सुरुवात करा.

व्होल्टेज कमी पडलं तर वाफ पातळ, कोमट आणि चव फिकी लागते. कधी न तापलेलं लिक्विड गुडगुडत तोंडातही येतं. एकेक पायरी चढवत गेलात की चव भरते. तिथेच थांबा. पुढे गेलात तर कॉइलमधल्या, लिक्विड शोषणाऱ्या कापसात लिक्विड पोचण्याआधीच तार तापते, घशाला करपट चटका बसतो. तो फक्त चवीचा प्रश्न नाही, अति तापलेल्या लिक्विडमधून फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनं तयार होतात. (कमी व्होल्टेजवर निकोटीन निरुपद्रवी होतं, असंही नाही.)

साध्या, नियंत्रण नसलेल्या उपकरणात सकाळची चव संध्याकाळी उतरते, कारण ४.२ व्होल्टची भरलेली बॅटरी वापरता वापरता खाली येते. तेव्हा फ्लेवरला दोष देण्याआधी चार्ज करून बघा. कापूस एकदा करपला असेल तर मात्र व्होल्टेज कितीही उतरवा, वास जात नाही. कॉइलच बदलावी लागते.