एप्रिल-मेमध्ये धरणावर गळ टाकताय? या चुका टाळा

जानेवारीत ज्या खडकावरून रोहू लागत होता, तिथेच मे महिन्यात अख्खा दिवस काढला आणि हाती बोटभर चिलापीपलीकडे काही आलं नाही, ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. दोष बहुधा चाऱ्याला दिला जातो. मग कणकेत बडीशेप पडते, मध पडतो, व्हॅनिलाचे थेंब पडतात. कणीक खमंग होते, मासा येत नाही. कारण त्या खडकापुढचं पाणीच दोन-तीन मीटरने उतरलेलं असतं आणि उरलेलं पाणी हिवाळ्यासारखं वागत नसतं.

जुनी जागा धरून बसणं

उन्हाळी आवर्तन सुटलं की पाणी कालव्याला जातं, वरून बाष्पीभवन चालूच असतं आणि काठ रोज सरकतो. किती सरकतो ते उतारावर ठरतं. वीस मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पातळी १० सेंमी उतरली की काठ २ मीटर मागे जातो. शंभराला एक अशा सपाट फुगवट्यात तेवढ्याच घटीने तो १० मीटर मागे जातो. मुक्कामी असाल तर रात्री पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि सकाळी बघा. पाणी झपाट्याने उतरत असेल तर मोठा मासा उथळ काठ सोडतो आणि जुन्या नदीपात्राच्या कडेला, बुडालेल्या शेताच्या बांधाला किंवा ओढ्याच्या जुन्या खोलीला जातो. गळ तिथे पोहोचत नसेल तर जागा बदला. काठी बदलून फार फरक पडत नाही.

धरणसाठ्याच्या आकड्यांनीही फसगत होते. जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो तो टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. उजनी ‘उणे’मध्ये गेली म्हणजे कोरडी पडली, असं नाही. तिथे एकूण सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठाच (त्या टक्क्यात न धरलेलं, तळाचं पाणी) आहे, म्हणजे शून्य टक्क्यालाही अर्ध्याहून जास्त पाणी असतं. ते भीमेच्या जुन्या पात्रात आणि खोलगट भागात गोळा झालेलं असतं. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं त्या दिवसांत मासा कमी जागेत दाटलेला असतो, फक्त काठापासून लांब.

उघड्या पडलेल्या तळाचा एक फायदा मात्र कुणी फारसा घेत नाही. टणक भागावरून फिरा आणि बांध, झाडांचे बुंधे, दगडी भिंती, जुन्या विहिरी यांचे मोबाईलवर फोटो आणि लोकेशन ठेवा. दिवाळीनंतर हेच सगळं पाण्याखाली असेल आणि नेमका गळ कुठे टाकायचा ते तुम्हाला माहीत असेल. गाळात थाळीएवढे गोल खड्डे ओळीने दिसले तर ती चिलापीची घरटी. नर ते उथळ पाण्यात खणतो. काठ आज जिथे आहे तिथून पुढे, तेवढ्याच खोलीवर, नवी घरटी असण्याची शक्यता मोठी.

‘ऊन आहे, म्हणजे मासा तळाला’

हे अर्धंच खरं आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. शिवाय सह्याद्रीतल्या खोल जलाशयांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात: वर गरम आणि हलकं, खाली थंड आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत. तळाच्या थरात कुजणारा पालापाचोळा प्राणवायू खाऊन टाकतो आणि वरून नवा येत नाही. तिथे पाणी गार असतं, पण मासा थांबत नाही.

ओळखायला यंत्र लागत नाही. शिसं तळाला दहा मिनिटं राहू द्या, वर घ्या आणि लगेच वास घ्या. कुजक्या अंड्यासारखा वास आला, शिशाला काळा चिकट गाळ लागला, तर त्या तळावर वेळ घालवू नका. तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोरीवर) वर-खाली सरकणारा तरंगा लावा, तो जिथे अडायला हवा तिथे तंगुसाला अडवणीची गाठ मारा आणि दर पंधरा मिनिटांनी गाठ एक-एक मीटर खाली सरकवत आमिष वर आणा. पहिली खेच मिळाली ती खोली लक्षात ठेवा; त्या दिवसापुरती बहुधा तीच चालते. उथळ, वारा लागणाऱ्या जलाशयात पाणी ढवळलं जातं, तिथे हा प्रश्न कमी.

यातच दुसरी चूक मिसळलेली असते. तळाला ६० ग्रॅमचं शिसं टाकून कटल्याची वाट बघत बसणारे प्रत्येक काठावर भेटतात. कटल्याचं तोंडच वर वळलेलं आहे, तो वरच्या थरात खातो. त्याच्यासाठी आमिष पृष्ठभागाखाली दोन ते चार फुटांवर तरंगतं हवं. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सिप्रिनस (कॉमन कार्प) तळाला.

पहाटेचा हट्ट

मोठ्या, मोकळ्या जलाशयावर पहाट चांगलीच. पण गावतळं किंवा हिरवंगार शेवाळलेलं लहान धरण असेल तर हिशेब उलटतो. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच वापरतं, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास पाण्यात तो सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले की नवख्याला वाटतं, चारा मागतायत. ते गुदमरलेले असतात, खाणार नाहीत. अशा तळ्यावर ऊन चढल्यावर, सूर्योदयानंतर दीड-दोन तासांनी गळ टाका. ढगाळ, वाराहीन दिवसानंतरची सकाळ सर्वांत वाईट.

दुपारी १२ ते ४ कुठल्याच पाण्यावर बसू नका. यात माशापेक्षा तुमची काळजी जास्त आहे.

वाऱ्याकडे पाठ करून बसणं

मे महिन्यात पश्चिम महाराष्ट्रात दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. बहुतेक जण त्याला पाठ देऊन पश्चिम काठावर बसतात, कारण तिथून गळ लांब जातो आणि तरंगा स्पष्ट दिसतो. मासा समोरच्या काठाला असतो. लाटा तिथे आपटतात, पाण्यात हवा मिसळते, किडे आणि गाळातलं खाद्य तिकडेच ढकललं जातं. वारा तोंडावर घेऊन बसा. शिसं थोडं जड करा, तरंगा जाड घ्या, आणि लांब फेकायच्या नादी लागू नका. लाटांनी गढूळ झालेल्या पट्ट्याची कड १०-१५ मीटरवरच असते.

चारा: मऊ, आंबट आणि जास्त

कणकेचं साधं प्रमाण: २ वाट्या कणीक, १ वाटी चाळलेला शेंगदाणा पेंडीचा भुगा, अर्धी वाटी भाजक्या चण्याचं पीठ. पाणी चमच्याचमच्याने घाला. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. अर्धा गोळा फडक्यात बांधून दहा मिनिटं उकळा आणि पुन्हा मळा. तो रबरासारखा होतो, किरकोळ माशांना पुरून उरतो. उरलेला कच्चा गोळा वासासाठी त्याच्यावर लपेटायला ठेवा. निघण्याआधी एक गोळी बादलीत टाकून बघा. दहा मिनिटं तिने आकार धरला पाहिजे. कोमट पाण्यात ती हिवाळ्यापेक्षा लवकर सुटते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी गळ वर घेऊन बघा. रिकाम्या गळाकडे तासभर बघत बसणं ही उन्हाळ्यातली सर्वांत सामान्य चूक असावी.

चारा ओल्या फडक्यात, सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवला तर दुपारपर्यंत आंबतो.

पाण्यात टाकायचा चारा अर्ध्या दिवसाला अर्धा किलो पुरे. भाताचा कोंडा आणि पेंड एकास एक घ्या, मुठीएवढे दोन-तीन गोळे सुरुवातीला, मग दर अर्ध्या तासाला एक. तीन-चार किलो ओतलं तर गरम पाण्यात ते कुजतं आणि आसपासची चिलापी गोळा होऊन बसते.

तरंगा थरथरतो पण बुडत नाही? ती लहान चिलापी किंवा खवली, ओढू नका. गळ लहान करण्याचा मोह होतो आणि मग तेच मासे लागत राहतात. त्याऐवजी उकडलेला मक्याचा दाणा किंवा हरभरा लावा आणि वीस मीटर बाजूला, जास्त खोलीवर जा. तरंगा सावकाश आडवा पडला किंवा तिरका चालू लागला तर मोठ्या माशाने तळावरून आमिष उचललं आहे. दोन मोजा आणि काठीला झटका मारा. चिलापीला ८ ते १० नंबरचा गळ, रोहू-कटल्याला ४ ते १. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात हे नेहमी उलटं होतं.

तंगूस तुटली तर टोक बघा

तुटलेलं टोक फेकून देऊ नका, त्यात उत्तर असतं.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली. पाच-सहा वेढे घ्या आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने नायलॉन भाजतं. टोक खरबरीत, पांढुरकं असेल तर दगडाने कापली. आपल्याकडचा काळा पाषाण धारदार असतो आणि उतरलेल्या पाण्यात त्याच्या कडा वर येतात. पुढचे दोन मीटर ०.४५ मिमी जाड तंगूस जोडा, मागे ०.३० ते ०.३५ चालेल. टोक स्वच्छ तुटलेलं असेल आणि तंगूस हातात कडक, चुरचुरीत लागत असेल तर ती उन्हाने मेलेली आहे. गेल्या वर्षीची रीळ गाडीच्या काचेमागे राहिली असेल तर अख्खी बदला.

यापैकी काहीच नसेल तर रिळाचा ड्रॅग (ओढ वाढली की तंगूस सोडणारी योजना) घट्ट होता. ८ किलोच्या तंगुसाला ड्रॅग दोन ते अडीच किलोला सुटला पाहिजे. स्प्रिंग काट्याला बांधून मोजा. बोटाने ओढून येणारा अंदाज खोटा असतो.

बुंध्यात, जुन्या जाळ्यात शिसं वारंवार अडकत असेल तर ते मुख्य तंगुसापेक्षा निम्म्या ताकदीच्या तुकड्याने बांधा. शिसं जाईल, मासा आणि गळ परत येतील.

वळीव, गाळ आणि केबल

वळवाच्या आधी आभाळ भरून येतं तेव्हा मासा खातो, हे खरं. पण कार्बनची लांब काठी वीज वाहून नेते आणि मोकळ्या काठावर सर्वांत उंच तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवा आणि गाडीत किंवा पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पावसानंतर ओढा जिथे मिळतो तिथे गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसते; गांडूळ लावायची जागा तीच.

उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. पुढे काठी खुपसत चाला. ती फूटभर सहज गेली तर मागे फिरा, गळ सोडवायला तर मुळीच जाऊ नका. दुसरा धोका शेतीपंपांचा. पाणी मागे गेलं की मोटारी आणि केबल मागोमाग सरकतात, जोड कसेतरी बांधलेले असतात. मोटारीपासून लांब बसा आणि तिच्या आसपास पाण्यात उतरू नका. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकणं हा वेडेपणा आहे.

परवानगी आणि सोडून द्यायचे मासे

बहुतेक जलाशयांची मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी संस्थेला विचारा, पास घ्या, आणि विणीच्या काळातल्या बंदीच्या तारखाही तिथेच विचारून घ्या. अभयारण्यातल्या पाण्यावर आणि पिण्याच्या पाण्याच्या बंदिस्त तलावावर जाऊच नका. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

मावळाच्या पाण्यात महाशीर लागला तर सोडा. या जातीचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरूनच केलं, आणि आज लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पिल्लं मुद्दाम वाढवावी लागतात. हात ओले करा, मासा पाण्यातच धरून गळ काढा, कल्ले नीट हलू लागेपर्यंत आधार द्या. पाणी गरम असताना फोटोसाठी अर्धा मिनिट वर धरलेला मासा पोहत गेला तरी वाचेलच असं नाही. वळवानंतर पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर खाली मरळ राखण करत असते. ती चिडून हमखास गळाला येते. तिला नेलं की पुंजका बाकीचे मासे फस्त करतात.

मासा न्यायचा असेल तर

जाळीच्या पिशवीत काठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलेला मासा तासाभरात मरतो आणि तिथेच नरम पडायला लागतो. लागल्याबरोबर मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, आतडी काढा. घरून निघतानाच बर्फ घ्या, जितका मासा तितक्याच वजनाचा. एक थर बर्फ, एक थर मासा, पुन्हा बर्फ. पेटीला खाली भोक ठेवा म्हणजे वितळलेलं पाणी निघून जाईल. कल्ले तपकिरी झाले, बोटाने दाबलेला खळगा भरून आला नाही, तर तो मासा घरी नेऊ नका.